बेंतोची बायको, मुक्काम बोरसी

नाशिक रोडला गाडीत बसल्यापासून मी कितीतरी वेळा जागा बदलली. खिडकीशी ऊन, मधे कोंदट, दाराशी उभं राहावं तर टीसी हटकतो. एका जागी स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही. पायाला भिंगरी आहे हिच्या, असं आई म्हणायची. प्रवासात जे लोक चढल्या चढल्या घोरायला लागतात, त्यांच्याकडे मी नेहमी संशयाने बघते.

संशय घ्यायची सवय वाचनातून आली. खुनाच्या कादंबऱ्या मी अधाशासारख्या वाचते, पण परदेशात घडणाऱ्याच. आपल्याकडचे खून रोज सकाळी चहाबरोबर पेपरात येतात, ते वाचून चहा गार होतो. परदेशातला खून कसा, लांबचा असतो. शिवाय तिकीट न काढता एक गाव बघून होतं. गेली कित्येक वर्षं मी पोर्तुगालमधल्या एका बंदरात अडकून पडले आहे. निळ्या-पांढऱ्या फरशांच्या भिंती, दम लागेल असे चढाचे बोळ, कोळशावर भाजलेल्या माशांचा वास आणि बेंतो नावाचा एक दमलेला, किंचित तुसडा इन्स्पेक्टर. हे गाव नकाशावर नाही, मी शोधून पाहिलं आहे. तरी तिथल्या बाजारातून पोलीस चौकीपर्यंत मी डोळे मिटून जाईन.

या मालिकेतलं प्रत्येक नवं पुस्तक मी घेते, वाचते आणि माझ्या थोरल्या बहिणीला भिलाईला पाठवते. आम्ही मूळच्या वर्ध्याच्या. मी लग्न होऊन नाशिकला आले, ताई भिलाईला गेली. तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, तिथल्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसला शिफ्ट इन्चार्ज होते. सगळा संसार सेक्टर सहाच्या कंपनी क्वार्टरमध्ये झाला. रिटायर झाल्यावर त्यांनी जवळच दुर्गला, बोरसीत, छोटं घर बांधलं. गेल्या दिवाळीनंतर भाऊजी गेले.

तेव्हापासून ताईने पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. पोळपाटाशेजारी पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवून पोळ्या लाटणारी बाई ही. फोनवर म्हणायची, "वाचवत नाई गं." भाऊजी गेले त्या दिवशीही ती रडली नव्हती आणि नंतरही नाही. सगळं नीट करायची, नीट बोलायची आणि फोन ठेवायची. मला त्या नीटपणाची भीती वाटायला लागली. म्हणून मी निघाले. शेजारणींना सांगितलं, हवापालट करायला चालले आहे. भिलाईला हवापालट म्हटल्यावर त्या पोट धरून हसल्या. खरं काम एकच होतं, ताईला पुन्हा वाचायला बसवायचं.

नागपूरला समोरच्या बाकावर एक गृहस्थ आले. गोंदियाचे, रेल्वेतून रिटायर झालेले. माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "कशाचं पुस्तक आहे जी?"

"खुनाचं."

"मंग शेवटचं पान पाहून घ्या ना मॅडम. कावून जिवाले घोर लावून घेता?" (कावून म्हणजे कशाला.)

"शेवट मला माहीत आहे. दुसऱ्यांदा वाचतेय."

"म्हणजे खुनी कोण ते माहीत आहे, तरी वाचून राहिल्या?"

त्यांनी आपली बॅग उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली आणि गोंदिया येईपर्यंत माझ्याशी जपून बोलले.

गोंदियाच्या पुढे जंगल सुरू होतं. फाल्गुनाचे दिवस, पळस अंगभर फुललेला. पान एकही नाही, नुसता केशरी भडका. डोंगरगढला टेकडीवरचं देऊळ दिसलं आणि मला खाली उतरल्यावाचून राहवेना. चहा घेतला, तोवर गाडी हलली. धावत चढले, पण डाव्या पायातली चप्पल रुळांमध्ये गेली. दुर्गला मी एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात मोजा अशी उतरले. रिक्षावाल्याने भाडं सांगायच्या आधी विचारलं, "चप्पल कहाँ गे दाई?" (आई, चप्पल कुठे गेली?). म्हटलं, डोंगरगढच्या देवीला वाहिली. तो बिचारा खरं समजला आणि बोरसीपर्यंत गाडी फार अदबीने चालवली.

ताई फाटकात उभी होती. एरवी माझी ही अवस्था बघून ती खाली बसून हसली असती. आता नुसतं म्हणाली, "पाय धुऊन घे. स्वयंपाक झाला आहे." पाटवडीचा रस्सा, भात आणि लाल भाजी (इकडची तांबड्या पानांची पालेभाजी) असा बेत होता. रस्सा तसाच झणझणीत, नाकातून पाणी काढणारा. मला बरं वाटलं. हाताची चव गेली नव्हती म्हणजे बाई अजून जागेवर होती.

जेवण झाल्यावर मी मुद्द्यावर आले. बेंतोचं नवं पुस्तक भाऊजी आजारी असतानाच मी पाठवलं होतं. ते कुठे आहे विचारलं. ताईने कपाटातून काढून समोर ठेवलं. पहिली पाचसहा प्रकरणं झाल्यावर मधे गोळ्यांची एक रिकामी पट्टी खुणेला घातलेली होती.

आता या दोघांची वाचायची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सेक्टर सहात असताना तिथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून पुस्तक मिळायचं ते थोड्याच दिवसांसाठी, आणि धीर दोघांनाही नव्हता. भाऊजींची ड्युटी शिफ्टची. तेव्हा पुस्तकही शिफ्टमध्ये वाचायचं ठरलं. भाऊजी घरी असतील तेव्हा ते वाचणार, ते ड्युटीवर गेले की ताई. पण आधीच्याने वाचलेली पानं दुसऱ्याने पुन्हा वाचायची नाहीत. जिथे एकाने सोडलं तिथून दुसऱ्याने धरायचं. मधलं काय ते तोंडी सांगायचं. कारखान्यात पाळी संपवून जाणारा माणूस येणाऱ्याला, म्हणजे रिलीव्हरला, भट्टीची सगळी हालहवाल सांगतो, त्याला चार्ज देणं म्हणतात. तसा हे दोघं एकमेकांना पुस्तकाचा चार्ज देत. पुढे मी पाठवायला लागले तशी पुस्तकं घरची झाली, मग भाऊजी रिटायर झाले, तरी रीत तीच राहिली. म्हणजे एवढ्या वर्षांत ताईने एकही कादंबरी पूर्ण वाचलेली नाही. अर्धी वाचली आणि अर्धी भाऊजींच्या तोंडून ऐकली.

"हे पुस्तक दवाखान्यात घेऊन गेले होते," ताई म्हणाली. "ह्यांची पाळी झाली. म्हणे, तू डबा घेऊन ये, मग चार्ज देतो. मी डबा आणाले घरी आली. परत गेली तर..." तिने पुस्तकावरचा नसलेला धुरळा पुसला. "रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची नाई, जिंदगीभर मलेच सांगत होते. आणि स्वतः चार्ज न देता गेले. मी घरी गेलीच नसती तर, शैल?"

मी उठून खिडकी उघडली, पुन्हा लावली.

"तू वाचलं आहे ना हे? मग तू दे ह्यांचा चार्ज," ती म्हणाली. "मी पुढून धरतो."

मी हरखूनच गेले. एवढ्या लवकर काम होईल असं वाटलं नव्हतं. मी सांगायला बसले, म्हणजे येरझारा घालत सांगू लागले. माशांचे डबे भरायच्या कारखान्यात मालकाचं प्रेत सापडतं. पुतण्या गायब. औषधाच्या दुकानातल्या विधवा बाईने रात्री कोणाला तरी पाहिलं आहे. बेंतो तिच्या दुकानात चकरा मारतो. ताई डोळे मिटून ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "आणि इल्दा?"

"कोण इल्दा?"

"अवो, बेंतोची बायको! तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना मागच्या पुस्तकात. चालते का आता?"

मी जागच्या जागी उभी राहिले. माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे.

बेंतोची बायको इल्दा तिसऱ्या पुस्तकात मेली. छातीत गाठ निघाली, उशीर झालेला होता. त्यानंतरच्या साऱ्या पुस्तकांत बेंतो एकटा आहे. एकटा जेवतो, एकटा भिजतो, म्हणूनच तो तसा तुसडा आहे.

"बरी आहे," मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

"मोठी जिद्दीची बाई. बायकांचा गट काढला, माशाचं लोणचं विकते. बेंतोले ओली छत्री घेऊन घरात येऊ देत नाई. आणि मागे मुनगा लावला होता, त्याले शेंगा लागल्या का?"

मुनगा म्हणजे शेवगा. "पोर्तुगालात मुनगा?" मी विचारलं.

"कावून? तिथं ऊन नसते का?"

मग एकेक जुनी गोष्ट जागेवर बसायला लागली. नवं पुस्तक पाठवलं की भाऊजी मला फोन करून विचारायचे, "बेंतोची बायको कुठंकुठं येते गं यात? प्रकरण सांगून ठेव." मला वाटायचं, पात्र आवडलं असेल. बेंतो इल्दाच्या थडग्यावर जातो ती प्रकरणं ते आपल्या पाळीत घेत होते! ताईच्या पाळीत बेंतो एकटा जेवायला बसला, की इल्दा लेकीकडे गेली आहे म्हणून सांगून मोकळे. इतकी पुस्तकं या माणसाने एक मेलेली बाई जिवंत ठेवली, तिला गुडघेदुखी दिली, धंद्याला लावली. पण कशासाठी, ते मला कळेना.

सकाळी ताई पुस्तक घेऊन बसली. मी तिला एकटी सोडून बाहेर पडले. बोरसीच्या बाजारात चप्पल घेतली. कोपऱ्यावर एक बाई गाडीवर चीला (तांदळाच्या पिठाचं जाळीदार धिरडं) घालत होती, सोबत टोमॅटोची आंबट-तिखट चटणी. मी उभ्या उभ्या खात होते. "अउ लेबे दीदी?" (अजून घेणार?) असं ती विचारायची आणि मी मान हलवायचे. डोक्यात एकच विचार होता. ताईच्या हातातल्या पानांत इल्दाचं नाव कुठे येतं? आठवून पाहिलं, पुढच्या भागात ते जवळजवळ नाहीच. मी निश्चिंत होऊन अजून एक चीला मागितला. आणि मग आठवलं, पुढच्या भागात काय आहे.

धावत घरी आले. उशीर झाला होता. पुस्तक फ्रिजवर फेकलेलं आणि ताई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती.

"मुडदा!" ती म्हणाली. "त्या औषधवालीचा हात हातात घेऊन समुद्राकडे पाहून राहिला! पेन्शनीले आला आणि हे धंदे? घरी इल्दा गुडघे धरून बसली असल! तिले काई सांगतही नाई, लेखक तर तिचं नावच घेऊन नाई राहिला!"

"ताई, तसं नसेल..."

"तसं नाई तर कसं? मी काय आंधळी आहे? ह्यांनी किती कौतुकानं सांगितलं असते त्या दोघांचं. बेंतो बायकोवर असा जीव टाकतो, तसा जीव टाकतो. बरं झालं ह्यांनी हे पाहिलं नाई. मी नाई वाचत आता. कोणाचंच काई खरं नाई."

शेवटचं वाक्य ती बेंतोबद्दल बोलत नव्हती, निदान मला तसं वाटलं. मी पुरती कोंडीत सापडले. गप्प राहावं तर बेंतो लफंगा ठरतो आणि ताई पुन्हा पुस्तक धरत नाही. खरं सांगावं तर भाऊजी खोटे ठरतात, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलं एवढ्या वर्षांचं अर्धं जग तिच्या हातून जातं. आधीच तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

असं काही झालं की मला घरात बसवत नाही. दुपार कलल्यावर म्हटलं, चल, सेक्टर सहा दाखव. ताईला स्कूटर चालवता येते, मला मागे बसता येतं, तेही धड नाही. रस्ताभर ती "हलू नको गं, पाडशील" म्हणत होती. दुर्गची गर्दी संपून भिलाई सुरू झाली की रस्ते एकदम सरळ आणि रुंद होतात, दोन्हीकडे झाडं. क्वार्टर बघून आतल्या माणसाचा ग्रेड ओळखता येतो. व्हरांडा मोठा तर साहेब मोठा. ड्युटी संपवून सायकलींवर घरी चाललेली माणसं हँडलला डबा अडकवून गप्पा मारत चालली होती.

ताईच्या जुन्या क्वार्टरमध्ये आता एक तेलुगू कुटुंब राहतं. तिथल्या सुनेने "आइए ना आंटी" म्हणून सरळ मागच्या अंगणात नेलं. भिंतीच्या वर गेलेलं शेवग्याचं झाड, शेंगा लोंबत होत्या.

"हा ह्यांनी लावला," ताई म्हणाली. "माझ्या ऑपरेशनच्या वर्षी."

ऑपरेशनचं मला माहीत होतं. छातीतली गाठ. मी तेव्हा बाळंतपणात होते, येऊ शकले नव्हते. भाऊजींनी फोनवर सांगितलं होतं, छोटंसंच होतं, झालं.

"छोटंसं कुठलं? मी जगत नाई असंच सगळ्यांले वाटलं होतं. मलेही," ताई म्हणाली. "इथं अंगणात खाट टाकली होती माझी. हातात पुस्तक धरायची ताकद नाई. त्या वेळचं पुस्तक सगळंच ह्यांच्या पाळीत गेलं. फर्स्ट शिफ्ट करून यायचे, अंघोळ करायचे, स्टूल घेऊन बसायचे आणि चार्ज द्यायचे. एक दिवस नुसतेच बसले. बोलूनच नाई राहिले. मी म्हटलं, कावून, बेंतोले लागलं काय? तर म्हणे, नाई, इल्दाले बरं नाई. तुझ्यासारखंच. मी म्हटलं, मग? तर म्हणे, डॉक्टर म्हणतात ठीक होऊन जाईल."

"मग?" मी विचारलं.

"मग झाली ना ठीक! माझ्या आधी उठून कामाले लागली. रोज येऊन सांगायचे, आज इल्दा खुर्चीत बसली, आज तिनं स्वतः सूप केलं. मले असा राग ये तिचा. मी म्हणे, ती एवढ्या दूरची बाई उठून बसते, तर मले काय धाड भरली आहे? आणि उठली."

मी शेवग्याच्या खोडाची साल सोलत उभी राहिले. तेलुगू सून म्हणाली, "आंटी, पेड़ को क्यों छील रही हैं?" मी हात मागे घेतला. मला भाऊजींबद्दल इतकी माया आजवर कधी वाटली नव्हती. भट्टीपाशी पाळी करून आलेला माणूस, स्टुलावर बसून, पुस्तकात मेलेली बाई रोज थोडी थोडी बरी करत होता.

परतताना सेक्टर सहाच्या मार्केटमध्ये आम्ही गुपचुप (पाणीपुरी) खायला थांबलो. ताईला गुपचुप प्रिय. दोन खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "ताई, चार्ज देताना मी एक गोष्ट सांगितली नाही. मला धीर झाला नाही."

"काय?"

"इल्दा गेली."

तिने तिसरी पुरी द्रोणात तशीच ठेवली. "कधी?"

"मागचं पुस्तक आणि हे पुस्तक, यांच्या मधे. पहिल्याच प्रकरणात आहे, भाऊजींच्या पाळीतल्या. वर्ष होऊन गेलंय. त्या औषधवालीशी बेंतो बोलतो तो त्यानंतर."

"कशानं गेली?"

"तेच दुखणं परत आलं."

गुपचुपवाल्याने पुढची पुरी धरली होती, तिने हातानेच नको म्हटलं. "बेंतो जवळ होता तिच्या?"

इथे मी खोटं बोलू शकले असते. बोलणारही होते. पण तिसऱ्या पुस्तकातलं ते प्रकरण मला स्वच्छ आठवत होतं, आणि मी जे होतं ते सांगितलं. "नव्हता. तिची शाल आणायला घरी गेला होता. परत आला तोवर झालं होतं. मग वर्षभर स्वतःला दोष देत बसला. मी घरी गेलोच नसतो तर, म्हणून."

"मूर्ख आहे," ताई ताडकन म्हणाली. "त्याची काय चूक? शाल कोणी तरी आणेलच ना? तिले थंडी वाजून राहिली असल म्हणूनच तर गेला. माणूस घरी जातो ते काय सोडून जातो? आणाले जातो ना काहीतरी, परत येण्यासाठीच तर..."

ती मधेच थांबली. माझ्याकडे बघितलं. आणि मग माझी ताई, दिवाळीपासून न रडलेली, सेक्टर सहाच्या मार्केटमध्ये हातात गुपचुपचा द्रोण धरून रडायला लागली. आधी आवाज न करता, मग अगदी हुंदके देऊन. द्रोणातलं पाणी पदरावर सांडलं. गुपचुपवाला घाबरून म्हणाला, "तीखा जादा हो गया क्या माताजी?" मी त्याला म्हटलं, हो, जरा जास्त झालं. मीही रडत होते आणि माझे पाय पहिल्यांदाच जमिनीला टेकून होते.

बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं. "बरं झालं हे आधी गेले," ती म्हणाली. "इल्दा गेली हे मले सांगणं ह्यांच्यानं झालंच नसतं."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

घरी आल्यावर तिने फ्रिजवरचं पुस्तक काढलं. पुढचे दोन दिवस आम्ही दोघींनी पाळ्या लावून वाचलं. सकाळी ती, दुपारी मी, मधे चार्ज. भाऊजींइतकं मला सांगता येत नाही असं तिने स्पष्ट सांगितलं. "तू नुसतं काय झालं ते सांगतेस. हवा कशी होती, बेंतोनं काय खाल्लं, काईच नाई." खुनी कोण ते मात्र तिने मधेच ओळखलं. औषधवालीबद्दलही शेवटी मत बदललं. "भली दिसते. पण त्यानं लगेच लग्न नको करावं. माणसाले थोडं थांबाले पाहिजे."

निघायच्या दिवशी ताई मला डबा भरून देत होती. मी कपाटासमोर उभी होते. बेंतोची सगळी पुस्तकं ओळीने लावलेली. मी तिसरं काढलं आणि साड्यांच्या घडीत दडवलं. उरलेल्या पुस्तकांमध्येही इल्दाचे उल्लेख होते, पण ती मेली ते यात होतं, तारखेवेळेसह. खुनाच्या इतक्या गोष्टी वाचून पुरावा कसा नाहीसा करायचा एवढं तर मला कळतं.

दुर्गहून गाडी सुटली. राजनांदगाव गेलं, डोंगरगढ गेलं, मी उतरले नाही. पुस्तक मांडीवर घेऊन ते प्रकरण काढलं. पानाच्या कडेला भाऊजींची एखादी खूण, एखादी घडी, काहीतरी असेल म्हणून शोधलं. काही नव्हतं. कोरी, स्वच्छ पानं. ते वाचून उठले असतील, मागच्या अंगणात गेले असतील आणि स्टूल ओढून बसले असतील. मी पुन्हा जागा बदलत सुटले.

नाशिकला येऊन पंधरवडाही झाला नसेल, ताईचा फोन आला. आवाज खणखणीत.

"मी पहिल्यापासून वाचून राहिली," ती म्हणाली. "ह्यांच्या पाळीतली पानंही. ती तर मी कधी पाहिलीच नाई ना. आता दोन्ही पाळ्या माझ्याच. दोन झाली. तिसरं दिसून नाई राहिलं."

"माझ्या बॅगेत आलं वाटतं चुकून."

"मग पाठव ना. तेच तर पूर्ण ह्यांच्या पाळीतलं आहे. मले ते आधी पाहिजे."

बघते म्हटलं आणि फोन ठेवला. दोन दिवस ते पुस्तक मी या खोलीतून त्या खोलीत नेत होते. हरवलं असं सांगता आलं असतं. दुसरी प्रत मिळत नाही असंही सांगता आलं असतं. पण मग मला त्या अंगणातला माणूस आठवायचा. त्याने खोटं सांगितलं तेव्हा बाई खाटेवर होती, मरणाच्या दारात. आता ती स्कूटर चालवते, बेंतोला मूर्ख म्हणते, दोन्ही पाळ्या करते. तिच्यापासून काय लपवायचं आणि किती दिवस? ते पान वाचून तिला राग येईल की काय होईल, मला सांगता येत नाही. पण नवरा त्या दिवशी स्टुलावर बसून का बोलला नाही, हे तिला कळलं पाहिजे. ते सांगायचा हक्क माझा नाही. ते त्या पानांनीच सांगावं.

पुस्तक कागदात गुंडाळलं. आत चिठ्ठी घालावीशी वाटली, घातली नाही. पोस्टातल्या मुलीने विचारलं, "आत काय आहे?" म्हटलं, पुस्तक.

पार्सल पोचल्याचं पोस्टाकडून कळून आता बरेच दिवस झाले. रोज फोन करणारी ताई, तिचा फोन आलेला नाही. मी दर तासाला गॅलरीत जाते, परत येते, फोन हातात घेते आणि ठेवते. मी करणार नाही. ती वाचते आहे.